ताईबाईंची मांडी

माझे यजमान दातांचे डॉक्टर. हे कळलं की समोरचा माणूस आधी ओठ मिटून घेतो. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, डॉक्टरची बायको म्हणजे गावात केवढा मान. नाशिकहून जळगावला आले आणि लक्षात आलं की मान तापखोकल्याच्या डॉक्टरला असतो, दातांच्या डॉक्टरला लांबूनच नमस्कार असतो. यांनी कधी कुणाचं वाकडं केलेलं नव्हतं, पण 'फिरके डॉक्टर आला' एवढं म्हटलं की पिंप्राळ्याच्या रस्त्यावरची निम्मी पोरं मुकाट्यानं जेवत असत.

खाली दवाखाना, वर आम्ही. दवाखान्यात खुर्ची एक, दात कोरायचं पायानं चालवायचं मशीन एक, हत्यारं उकळायला स्टोव्ह एक, आणि लवंगेच्या तेलाचा वास मात्र दोन्ही मजल्यांवर. माझ्या वरणालासुद्धा तो लागायचा. मी कुरकुर केली की हे म्हणत, "बरंच आहे, जेवता जेवता औषध होतं." यांचे विनोद असलेच.

मोठी माणसं निदान दुखणं सोसवेनासं झालं की येत. मुलांचं काम अवघड. खुर्चीत एका बाजूनं बसवलं की दुसऱ्या बाजूनं उतरून पसार. बाप दरडावायचा, आई चुचकारायची, आजोबा जिलबी कबूल करायचे, आणि मूल ओठ असे आवळायचं की उघडायला सुतार बोलवावा. हे हात धुऊन नुसते उभे. शेवटी आईच दमून म्हणायची, "जाऊ द्या डॉक्टर, दुधाचेच दात, पडणारच आहेत." मंडळी घरी जायची आणि महिन्याभरानं तेच मूल गाल सुजवून परत यायचं.

अशात ताईबाई आमच्याकडे आल्या. आल्या त्या भांडी-फरशीच्या कामाला. पिंप्राळ्याच्या शेतकरी घरातल्या. नवरा, तोताराम, ऐन उमेदीत गेला. शेत दीर बघायचा. मुलगी एकच, बेबाबाई, ती लग्न होऊन पाचोऱ्याला गेलेली. घरात बसून भिंतींशी किती बोलायचं, म्हणून काम धरलं, असं त्यांनीच मला सांगितलं. बाई अंगानं ऐसपैस, नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर हिरवं गोंदण. आवाज असा की मागच्या दारी भांड्यांवर रागावल्या तरी पुढच्या दारचा पेशंट दचकायचा.

एक दिवस सुपडू नावाचं पाच-सहा वर्षांचं पोर आलं. गाल हा एवढा. तिघांनी धरलं होतं तरी त्यानं लाथ मारून यांच्या हातातला वाडगा उडवला. तो घरंगळत ताईबाईंच्या फडक्यापाशी गेला. त्या फरशी पुसत होत्या. त्यांनी वाडगा उचलला, हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ जाऊन खुर्चीत बसल्या.

"उठा, बाजूले व्हा बठ्ठा," ताईबाई त्या तिघांना म्हणाल्या. "डाक्टरभाऊ, तुम्ही मशीन चालाडा. पोऱ्याले मी धरस."

सुपडूला त्यांनी मांडीवर घेतलं. त्याचे पाय आपल्या दोन गुडघ्यांत, डोकं छातीवर, एक तळवा कपाळावर, दुसऱ्या हातात त्याची दोन्ही मनगटं. हे सगळं इतक्या सावकाश की त्याला धरलं गेल्याचं कळलंच नाही. मग त्याच्या कानाशी त्या आपल्या म्हशीची हकिगत सांगू लागल्या. म्हशीनं म्हणे तलाठ्याची टोपी खाल्ली होती आणि आता ती रवंथ करायला बसली की सातबारा बोलते. सुपडूनं आ वासला. यांना तेवढंच हवं होतं.

ताईबाईंकडे म्हैस नव्हती, हे मला पुढे कळलं. कधीच नव्हती. पण त्या दिवसापासून ती म्हैस आणि ताईबाईंची मांडी या दोन गोष्टी आमच्या दवाखान्याच्या झाल्या. मुलं यायची ती "म्हैसवाल्या आजी आहेत का?" विचारत. मांडीवर बसलं की हातावरच्या गोंदणावर बोट फिरवत म्हशीचं पुढचं ऐकायचं, आणि डॉक्टर नावाचा माणूस मध्ये काहीतरी खुडबुड करतोय तर करो बापडा. काही पोरं तर मशीनच्या घरघरीत झोपून जायची. बोदवडकडचे एक मिशाळ पाटील दाढ काढायला आले होते. घाम पुसत ते यांना हळूच म्हणाले, "त्या बाईंना माझा नुसता हात धरायला सांगता का?" ताईबाईंनी धरला. म्हैस मात्र त्यांना सांगितली नाही, ती फक्त मुलांसाठी होती.

आता चांदीचं सांगायला हवं. दातातली कीड खरडून काढायची आणि भोकात भरण घालायचं, याला आमच्याकडे सगळे चांदी भरणं म्हणत. मोठ्यांच्या दाढेत चांदी भरलेली लोकांना चाले. मुलांच्या दाढेत म्हटलं की हसत. भाईदास म्हणून एक कापूसवाले होते, ते यांना म्हणाले, "डॉक्टर, पडायच्या दाताला चांदी म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग." ते नातवाला घेऊन निघून गेले आणि जाताना दुकानदारासारखी मान हलवत गेले. यांना राग येत नसे. मला येई, आणि तो मी माळ्यावरच्या डब्यांवर काढी.

यांचा हट्ट मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी होता. मुलांच्या तोंडात पांढरं येतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जिभेवर, गालाच्या आत, दही सांडून वाळल्यासारखं. पुसलं तर खाली लाल होतं आणि मूल खाईनासं होतं. गावातले डॉक्टर त्याला जांभळं औषध लावत आणि ते लावणं बरोबरच होतं. तेव्हा गल्लीत कुठल्याही वेळी एखादं तरी जांभळ्या तोंडाचं पोर दिसायचंच. औषधानं पांढरं जायचं. पण काही मुलांना परत परत यायचं, आणि अशी मुलं यांच्यासमोर आली की यांना त्यांचे दातही किडलेले सापडत.

"ही बुरशी आहे," हे आयांना सांगत. "थोडीफार सगळ्यांच्याच तोंडात असते, गप पडून असते. किडक्या दाताच्या भोकात तिला बसायला जागा मिळते आणि गोड मिळालं की वाढते. जिभेवरची औषधानं गेली तरी भोकातली राहते." आया नुसत्या बघत राहायच्या. मग एकदा ताईबाईच मध्ये पडल्या. ताकाच्या मडक्याला चीर गेली की ते कितीही घासा, चिरेत आंबट राहतंच आणि नवं दूध घातलं की नासतं, तसं, असं त्यांनी त्यांच्या बोलीत सांगितलं. त्यानंतर यांनी बुरशीचं सोडून मडक्याचंच सांगायला सुरुवात केली. दात साफ केले, चांदी भरली, गोड आवरलं, तर पांढरं परत यायचं कमी होतं, असं यांच्या नजरेला येत होतं. हे पैजेवर नाही सांगत कुणाला, असंही म्हणत. पण दुधाचा दात पडणारच म्हणून सोडून द्यायला हे काही तयार नव्हते.

आणि ताईबाई तर यांच्याहून कडक. मूल मांडीवरून उतरलं की आईला फैलावर घेत. झोपताना गोड देता का? रडलं की साखरेचं बोट चाटवता का? आई मान खाली घालून उभी. मला कौतुक वाटायचं. त्या इतरांना सांगत त्यातलं किती त्यांच्या स्वतःच्या घरी पोचलं होतं, हे मी कधी विचारलं नाही.

बेबाबाईचं सासर पाचोऱ्याला, कापसाची शेती. जावई रुपचंद भला माणूस, पण आईपुढे त्याचा आवाज निघत नसे. ती आई म्हणजे वच्छलाबाई. ताईबाई आणि वच्छलाबाई या दोघी विहिणींचं बिनसलं होतं ते लग्नाच्या पंगतीतच. ताईबाईंनी स्वतः खापरावर मांडे भाजले होते. आमच्या खान्देशात मांडा म्हणजे बाईची परीक्षा, त्यातून आरपार हात दिसला पाहिजे. वच्छलाबाईंनी एक तुकडा मोडून सगळ्यांदेखत म्हटलं, "भाकर बरी शे." ताईबाईंनी हे मला निदान वीसदा सांगितलं असेल आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा तसाच लाल व्हायचा. त्या दिवसानंतर विहिणीपुढे मान खाली घालायची नाही, हा त्यांचा नेमच झाला.

बेबाबाईचा थोरला लीलाधर चार वर्षांचा. त्याचं तोंड पांढरं व्हायचं, औषधानं जायचं, परत यायचं. पुढचे दात काळे ठिक्कर. सासरी कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सून होतीच. तिचं दूध उष्ण, म्हणून पोराचं तोंड सडलं, असं वच्छलाबाईंनी ठरवून टाकलं.

तेव्हा ते नुसतं बोलणं होतं. पण मुंबईचं मोठं द्विभाषिक राज्य झालं त्या वर्षी बेबाबाईला दुसरा मुलगा झाला आणि दोन महिन्यांत त्याच्याही तोंडात पांढरं दिसलं. मग वच्छलाबाईंनी परीक्षा घेतली. वाटीत सुनेचं दूध काढलं आणि त्यात मुंगी टाकली. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या अशीच परीक्षा घेत. मुंगी पोहून वाटीच्या काठावर आली तर दूध चांगलं, मेली तर वाईट. मुंगी मेली.

त्याच दिवशी बाळाला आईपासून तोडलं. बकरीचं दूध, आणि तेही कापसाच्या बोळ्यानं. ताईबाई नातवाला बघायला म्हणून हौसेनं पाचोऱ्याच्या गाडीत बसल्या होत्या, परत आल्या त्या तशाच माझ्या स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसल्या. मी त्यांना बसलेलं फारसं कधी पाहिलं नव्हतं.

"वयनी, आंडेरनं दूध तोडी टाकं," त्या म्हणाल्या. "ती कोपऱ्यामा बसीसन दूध पिळस अन् फेकी देस. पोऱ्या तठे बोळा चोखस. वाळी गया पोऱ्या."

मुलगी दूध पिळून फेकते आणि मूल पलीकडे वाळतंय, हे ऐकून माझ्या हातातलं लाटणं थांबलं. माझा संताप संताप झाला. मुंगी अमृतात टाकली तरी मरेल, असं मी म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही. हे जिना चढून आले आणि सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "ताईबाई, दूध वापरलं नाही तर आटेल. आटलं की परत आणायला औषध नाही. त्यांना लवकर बोलवा. लीलाधरचे दात दाखवायचे म्हणून बोलवा." बाळाचं नाव काढलं असतं तर वच्छलाबाई आल्या नसत्या, हे यांनाही कळत होतं.

रुपचंदला निरोप गेला आणि त्यानं जन्मात पहिल्यांदा आईपुढे काहीतरी चालवलं. तो सगळ्यांना घेऊन आला. पुढे वच्छलाबाई, काटक, उंच, नाकात मोठी नथ. त्यांच्या खांद्यावर बाळ आणि हातात बकरीच्या दुधाचा तांब्या. मागे बेबाबाई, मोकळ्या हातांची. दोन महिन्यांच्या बाळाची आई मोकळ्या हातांनी चालताना इतकी विचित्र दिसते की मला तिच्याकडे बघवेना.

तोंडाचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे त्याची काळजी नको. लीलाधरच्या किडक्या मुळ्या काढल्या, दाढांत चांदी भरली, थोडे दिवस जांभळं औषध लागलं, गोड बंद झालं, आणि त्याच्या तोंडात पांढरं परत आलं नाही. बाळाचं तर जांभळ्या औषधानंच गेलं. पण त्या दिवशी खरा प्रश्न तोंडाचा नव्हताच. दूध आटायला आलं होतं.

यांनी बाळाचं तोंड बघितलं. "काही नाही," हे म्हणाले. "लहान बाळांना असं होतं. औषध लावू. आईचं दूध सुरू करा."

"दूधनं नाव काढू नका," वच्छलाबाई म्हणाल्या. "पहिलानं तोंड सडनं, आते दुसरानं. मी मुंगी टाकी देखी. मरी गयी."

मी तोंड उघडलं. यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. ताईबाई खिडकीपाशी गेल्या. मुंग्यांना आमच्याकडे तोटा नव्हता, माझ्या साखरेच्या डब्यापर्यंत त्यांची रांगच होती. त्यातली एक त्यांनी बोटावर घेतली, वाटीत तांब्यातलं बकरीचं दूध ओतलं आणि मुंगी त्यात सोडली. आम्ही सगळे वाटीभोवती वाकलो. डॉक्टरसुद्धा. मुंगीनं हातपाय मारले, गोल फिरली आणि मेली.

"ईहीनबाई, बकरीनं दूध बी वाईट शे मंग," ताईबाई म्हणाल्या.

रुपचंदला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं. वच्छलाबाईंनी वाटीकडे जरा वेळ पाहिलं. पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांनी विचारलं ते रास्त होतं.

"मुंगीनं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पोऱ्यानं तोंड काबर सडनं मंग? ते सांगा."

"ते दात बघितल्याशिवाय कसं सांगू?" हे म्हणाले आणि त्यांनी खुर्चीकडे हात केला.

ताईबाई खुर्चीत बसल्या. लीलाधरला मांडीवर घेतलं, गुडघ्यांत पाय, छातीवर डोकं. अर्ध्या जळगावची पोरं त्या मांडीत शांत झाली होती, पण हा पडला सख्खा नातू. त्याला म्हशीचं कौतुक नव्हतं. तो तोंड वेंगाडून रडायला लागला आणि आईकडे हात करून एकच मागणं लावलं, पुरचुंडी दे. बेबाबाईनं सवयीनं कमरेची पिशवी उघडली आणि एक मळकी, ओली, गाठ मारलेली चिंधी काढून पुढे केली. लीलाधर ती तोंडात घालणार तोच यांनी ती मधल्यामध्ये घेतली.

गाठ सोडली. आत गुळाचा खडा, चोखून चोखून गुळगुळीत झालेला.

"हे कधी कधी देता?" यांनी विचारलं.

बेबाबाई हळूच म्हणाली की रडला की देते, शेतात जाताना देते, आणि ती तोंडात घेऊनच तो झोपतो. बाळ रडलं तर? तर, जवळ होतं तोवर, त्यालाही क्षणभर लावायचे.

हे नेहमीच्या शांतपणानं बोलले. रात्रभर दातांवर गूळ, म्हणून दात किडले. किडक्या दातांत बुरशी घर करून राहिली, म्हणून पांढरं परत परत आलं. तीच चिंधी बाळाच्या तोंडाला लागली, तेव्हा बुरशी तिकडेही गेली असणार. दुधाचा यात काही संबंध नाही. एवढं बोलून त्यांनी लीलाधरच्या दाढेत आरसा घातला, आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

कसलं सुटतोय. वच्छलाबाई सावकाश सुनेकडे वळल्या.

"म्हंजे तूच," त्या म्हणाल्या. "दूध नही, तूच. दोन्ही पोऱ्यासनी तोंडं तू सडावी. अशा बाईना हातमा मी पोऱ्या देऊ का?"

बेबाबाईनं मान खाली घातली आणि डोळ्यांतलं पाणी फरशीवर पडू दिलं. ती काय लपवते आहे हे मला तेव्हा कळलं नाही. मी ताईबाईंकडे बघितलं आणि मला कळलं. एवढी बोलणारी बाई, आणि तिचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला होता. पुरचुंडी शिवली होती ताईबाईंनी. बेबाबाई पहिल्या बाळंतपणाहून सासरी निघाली तेव्हा तिच्या ट्रंकेत चिंध्यांची चळतच त्यांनी घालून दिली होती, आणि पुढे गूळ दर गाडीला पाठवत होत्या. भावाच्या गुऱ्हाळावरचा गूळ. बाजारचा गूळ घाण, त्यानं कीड लागते, घरचा गूळ पौष्टिक, त्यानं काही होत नाही, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. बाहेरच्या आयांना फैलावर घेताना त्यांना आपला गूळ त्यात धरावासाच वाटला नव्हता. मला तेव्हा त्यांचा राग आला, हसूही आलं, आणि लगेच दोन्ही गेलं, कारण त्या बोलायला लागल्या.

"ईहीनबाई," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली की मीच पुढे सरकले. "ती पुरचुंडी मी शिवेल शे. गूळ बी मना. पोर मले इचारे, माय, देऊ का? मी सांगे, दे, घरना गूळ शे. तिनं काही नही. मना हातनं व्हयनं."

बेबाबाईनं मान वर केली. वच्छलाबाईंचं नाक फुगलं. पंगतीत मांडा मोडून दाखवायला मिळाला होता त्याहून मोठी संधी त्यांच्या समोर आयती येऊन बसली होती, आणि त्यांनी ती सोडली नाही.

"म्हंजे खोड तुमनाच घरनी," त्या म्हणाल्या.

ताईबाईंना मी ओळखत होते. त्या आता मांड्यांपासून सुरुवात करणार आणि बाळ त्या तांब्यासकट पाचोऱ्याला परत जाणार, असं मला स्पष्ट दिसलं.

"हा," ताईबाई म्हणाल्या. "मनाच घरनी. पन दूधनी नही."

आणि त्यांनी मान खाली घातली. लीलाधरच्या डोक्यावर हनुवटी टेकवून, विहिणीसमोर, जावयासमोर, आमच्यासमोर.

वच्छलाबाईंना आणखी काहीतरी बोलायचं असावं. ओठ हलले. पण समोरची बाई भांडतच नव्हती, आणि न भांडणाऱ्या ताईबाईंशी कसं वागायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या खांद्यावर बाळानं बारीक कुईकुई सुरू केली. त्यांनी त्याला थोपटलं, तांब्याकडे पाहिलं, वाटीतल्या मुंगीकडे पाहिलं. मग दोन पावलं चालून त्यांनी बाळ सुनेपुढे धरलं.

"ले," त्या म्हणाल्या. "पाज."

बेबाबाई तिथेच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसली. रुपचंद बाहेर गेला. हे मशीनवरचा पाय हलवायचं विसरून उभे होते, मी खूण केली तेव्हा भानावर आले आणि दाढेतली कीड खरडू लागले. बाळाला सुरुवातीला जमेना, बोळ्याची सवय झाली होती. तोंड लावी, सोडी, रडे. बेबाबाई काहीतरी पुटपुटत होती. वच्छलाबाई तिच्या डोक्यावर उभ्या राहून बघत होत्या, आणि मग त्याच खाली बसल्या आणि बाळाची मान आपल्या हातानं सरळ धरली. थोड्या वेळानं ते लागलं. घट् घट् असा आवाज आला, मध्ये धाप, परत घट् घट्.

ताईबाईंना ते बघायला मान वळवायची होती. वळवता येत नव्हती. लीलाधर कधी नव्हे तो शांत झाला होता, हत्यार त्याच्या दाढेत होतं, जरा हललं असतं तर लागलं असतं. एक हात त्याच्या कपाळावर, एक हात मनगटांवर. त्या समोरच्या भिंतीकडे बघत, कान मागे लावून, तशाच बसून राहिल्या. पाणी त्यांच्या गालांवरून हनुवटीच्या गोंदणावर आलं आणि तिथून नातवाच्या केसांत पडायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. मी जाऊन माझ्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं, आणि त्या मागे न बघताच मला म्हणाल्या, "वयनी, पी राहिना का तो?"

"पितोय," मी म्हटलं.